स्लरी पंपाची झीज आणि भागांची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळू, खनिजाचा चुरा किंवा राख मिसळलेलं पाणी, म्हणजे स्लरी, ज्या पंपातून जातं, तो पंप झिजणारच. झीज थांबवता येत नाही. मात्र ती कुठे व्हावी आणि किती वेगाने व्हावी, हे बऱ्याच अंशी भागांच्या रचनेवर ठरतं. पंप निवडणारे, बसवणारे आणि उघडून दुरुस्त करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पंपाच्या आत झीज नेमकी कशी होते?

मुख्यतः दोन प्रकारे. कण पृष्ठभागाला समांतर सरकत घासला जातो, ती घर्षणाची झीज. व्हॉल्यूटच्या (पंपाच्या बाहेरच्या गोलसर कवचाच्या) भिंतीवर आणि इंपेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांच्या मागच्या अर्ध्या भागात ती जास्त दिसते. कण येऊन आदळतो, ती आघाताची झीज. पात्याची पुढची कड आणि कटवॉटर (व्हॉल्यूटमधून बाहेर जाणारी वाट जिथे फुटते तिथलं टोक) तिला सर्वाधिक तोंड देतात. मोठे, टोकदार दगड जात असतील तर धातूचे लचके तुटतात, तो आघाताचाच उग्र प्रकार. स्लरी आम्लधर्मी किंवा खारट असेल तर गंज आणि झीज एकमेकांना हात देतात आणि दोन्ही मिळून होणारं नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं.

कण किती अंशांत आदळतो, यालाही महत्त्व आहे. मऊ, चिवट धातू २० ते ३० अंशांच्या तिरक्या माऱ्यात सर्वाधिक झिजतात, तर ठिसूळ पदार्थ थेट समोरून बसणाऱ्या माऱ्यात. त्यामुळे एकाच पंपातल्या दोन भागांना दोन वेगळे पदार्थ योग्य ठरू शकतात.

मग सगळ्यात कठीण धातू वापरला की प्रश्न मिटत नाही का?

नाही. कणापेक्षा पृष्ठभाग कठीण असेल तर झीज एकदम कमी होते, हे खरं आहे. कठीणपणाच्या विकर्स मापात क्वार्ट्झची वाळू साधारण १००० ते ११०० भरते. स्लरी पंपात सर्रास वापरलं जाणारं हाय-क्रोम पांढरं ओतीव लोखंड, म्हणजे एएसटीएम ए५३२ या मानकामधलं २५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं, एकूण मापात क्वार्ट्झपेक्षा मऊच भरतं. त्यातले क्रोमियम कार्बाइडचे बारीक दांडे मात्र क्वार्ट्झपेक्षा कठीण असतात. झीज तेच अडवतात आणि भोवतीचा मार्टेन्सिटिक (कडक केलेला पोलादासारखा) धातू त्यांना धरून ठेवतो.

कठीणपणा वाढवत नेला की ठिसूळपणा वाढतो. सिलिकॉन कार्बाइडसारखं सिरॅमिक बारीक वाळूला उत्तम टिकतं, पण स्लरीतून एखादा बोल्ट किंवा खनिज दळणाऱ्या मिलमधल्या गोळ्याचा तुकडा आला तर तडकतं. धातूच्या निवडीवर तासन्‌तास चर्चा होते आणि पंप कोणत्या वेगाने, कोणत्या प्रवाहावर चालणार हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी वेग, मग आकार आणि फटी, पदार्थ सगळ्यात शेवटी.

वेगाला एवढं महत्त्व का?

झीज वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारण वेगाच्या अडीच ते तीन घाताने वाढते. घाताचा नेमका आकडा कणांवर, पदार्थावर आणि माऱ्याच्या कोनावर अवलंबून असतो, पण वेग थोडा वाढला तरी झीज खूप वाढते हे सगळीकडे दिसतं.

हिशेब करून पाहू. पंपाचं हेड, म्हणजे तो स्लरी किती मीटर उंच चढवू शकतो ते, इंपेलरच्या परिघावरच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सर्वोत्तम कार्यबिंदूजवळ (ज्या प्रवाहावर कार्यक्षमता सर्वाधिक असते त्याजवळ) हेड म्हणजे ढोबळमानाने परिघवेगाचा वर्ग भागिले गुरुत्व-त्वरण, याच्या निम्मं. या हिशेबाने ६० मीटर हेडसाठी परिघवेग साधारण ३४ मीटर प्रति सेकंद लागतो. तेच हेड दोन पंप एकामागे एक जोडून ३०-३० मीटरमध्ये वाटलं तर प्रत्येकाला २४ मीटर प्रति सेकंद पुरतो. अडीच घात धरला तर प्रत्येक पंपातली झीज जवळपास २.४ पटींनी कमी होते, तीन घात धरला तर २.८ पटींनी. पंप दोन झाले म्हणून खर्च दुप्पट वाटतो, पण प्रत्येक पंपाच्या सुट्या भागांचं आयुष्य दुपटीपेक्षा जास्त वाढलेलं असतं. थांबवून उघडण्याचे दिवस कमी झाले, तो फायदा वेगळाच.

हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या स्लरी पंपांच्या मानकात सेवेचे चार वर्ग केले आहेत, सौम्य ते अतितीव्र. पूर्ण धातूच्या पंपासाठी पहिल्या वर्गात परिघवेगाची मर्यादा ४३ मीटर प्रति सेकंद आहे, तर चौथ्या वर्गात २८. रबर लायनर (कवचाच्या आतलं बदलता येणारं अस्तर) असेल तर मर्यादा आणखी खाली येते. पंपनिवडीच्या पत्रकात परिघवेगाचा आकडा दिलेला नसेल तर तो मागून घ्या. मीटरमधला व्यास गुणिले पाय (π) गुणिले आरपीएम भागिले ६०, इतकंच गणित आहे.

मोठा पंप हळू फिरवला की झीज कमी, हे खरं का?

अर्धवट खरं. हेड तेवढंच हवं असेल तर इंपेलर मोठा घेऊन आरपीएम कमी केले तरी परिघवेग जवळपास तेवढाच राहतो, कारण हेड परिघवेगावर ठरतं, नुसत्या आरपीएमवर नाही. फायदा होतो तो आतल्या वाटा रुंद झाल्यामुळे, भाग जाड असल्यामुळे आणि इंपेलरच्या तोंडाशी, म्हणजे स्लरी आत येते तिथे, प्रवाहाचा वेग उतरल्यामुळे.

हा फायदा मिळायला पंप त्याच्या सर्वोत्तम कार्यबिंदूच्या आसपास चालायला हवा. पुढे उत्पादन वाढेल म्हणून दोन साइज मोठा पंप घेतला आणि तो वर्षानुवर्षं निम्म्या प्रवाहावर चालवला, तर आत भोवरे तयार होतात आणि थ्रोटबुश (इंपेलरच्या तोंडासमोरचा स्थिर लायनर) लवकर खलास होतो. असे पंप बरेच दिसतात.

इंपेलरची पाती किती आणि कशी असावीत?

स्वच्छ पाण्याच्या पंपात पातळ आणि जास्त पाती असतात. स्लरी पंपात ती सहसा तीन ते पाच आणि जाड असतात. पाती कमी म्हणजे वाट मोकळी, मोठा कण अडकत नाही आणि जाडीत झिजायला माल शिल्लक राहतो. याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते. पाती फार कमी केली तर प्रत्येक पात्यावरचा भार वाढतो, पात्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो आणि बाहेर पडणारा प्रवाह खडबडीत होऊन व्हॉल्यूटच्या भिंतीत चर पडतात.

पुढच्या कडेचा आकार फार महत्त्वाचा आहे आणि नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं. प्रवाह ज्या कोनात येतो त्या कोनात कड वळलेली असेल तर कण सरकून आत जातात. कोन चुकला तर कडेवर आदळून भोवरा तयार होतो. हा भोवरा पातं आणि इंपेलरची बाजूची तबकडी यांच्या कोपऱ्यात कणांना गरगर फिरवतो. इंपेलर उघडून पाहिलं तर पात्याच्या मुळाशी, तबकडीवर घोड्याच्या नालेच्या आकाराचा खोल, गुळगुळीत खड्डा दिसतो, आणि बाकी पातं अजून धडधाकट असतं. असा खड्डा दिसला की धातू बदलण्याआधी प्रवाह आणि कार्यबिंदू तपासावा. फ्रान्सिस पद्धतीची, दोन दिशांनी वळलेली पाती तोंडाशी प्रवाहाला चांगली जुळतात, म्हणून बारीक ते मध्यम कणांना ती बरी पडतात. मोठे दगड असतील तर साधी, जाड पाती जास्त काळ टिकतात.

थ्रोटबुशच सगळ्यात आधी का संपतो?

इंपेलर आणि पुढचा लायनर यांच्यामधली फट हे बहुतेक स्लरी पंपांचं सर्वांत नाजूक ठिकाण आहे. इंपेलरच्या परिघाशी दाब जास्त, तोंडाशी कमी. त्यामुळे स्लरी या फटीतून मागे, तोंडाकडे वाहू लागते. सोबत कण येतात. एका बाजूला फिरणारी तबकडी, दुसऱ्या बाजूला स्थिर लायनर, मध्ये वाळू. जात्यात धान्य दळावं तसं हे काम चालतं, फक्त इथे जातंच झिजतं. परतलेला झोत तोंडाशी आत येणाऱ्या प्रवाहात घुसतो, तिथे गोल फिरणारा भोवरा होतो आणि थ्रोटबुशच्या आतल्या गळ्यात चर पडतो. इंपेलरच्या तोंडाची कड पातळ होत सुरीसारखी धारदार होते.

इथून चक्र सुरू होतं. फट वाढली की गळती वाढते, हेड घटतं, कार्यक्षमता घटते. हेड भरून काढायला ऑपरेटर वेग वाढवतो. वेग वाढला की अडीच घाताने झीज वाढते. फट आणखी रुंदावते.

रचनेच्या बाजूने यावर तीन उपाय आहेत. एक, फट तिरकी ठेवणं, म्हणजे थ्रोटबुशचा चेहरा शंकूसारखा करणं. इंपेलर पुढे सरकवला की फट पूर्ण लांबीवर सारखी मिटते. दोन, तबकडीवर बाहेरच्या बाजूने लहान पाती ठेवणं, त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात. तीन, थ्रोटबुश मूळ लायनरपासून वेगळा, सहज बदलता किंवा फिरवता येईल असा करणं, म्हणजे एका भागाच्या झिजेमुळे सगळा लायनर टाकावा लागत नाही.

देखभालीच्या बाजूने उपाय एकच, आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत : फट ठरलेल्या वेळेला मिटवत राहणं. बेअरिंग हाउसिंगचे क्लॅम्प सैल करायचे, अॅडजस्टिंग स्क्रूने अख्खी असेंब्ली पुढे सरकवायची, शाफ्ट हाताने फिरवत इंपेलर जेमतेम घासू लागेपर्यंत न्यायची आणि उत्पादकाने सांगितलेली फट ठेवून मागे घ्यायची. पूर्ण धातूच्या पंपात फट पुढच्या बाजूला लहान ठेवतात. रबर लायनर असेल तर इंपेलर पुढे-मागे समान अंतरावर ठेवण्याची पद्धत आहे. पंप बसवल्यानंतर एकदा फट लावून पुन्हा हातच लावला नाही, अशी उदाहरणं कमी नाहीत.

तबकडीवरची ती लहान पाती कशासाठी?

त्यांना एक्सपेलिंग व्हेन म्हणतात. ती फटीतली स्लरी फिरवतात आणि कणांना बाहेर फेकतात. फटीतला दाब कमी होतो, तोंडाकडे येणारी गळती घटते. मागच्या तबकडीवरची पाती ग्लँडजवळचा (शाफ्ट पंपात शिरतो तिथल्या, पॅकिंग भरलेल्या सीलजवळचा) दाब उतरवतात, त्यामुळे ग्लँडमध्ये वाळू कमी जाते आणि बेअरिंगवरचा अक्षीय जोरही थोडा कमी होतो.

ती फुकट काम करत नाहीत, थोडी वीज खातात. मुख्य म्हणजे ती स्वतःही झिजतात, सहसा बाहेरच्या टोकापासून. ती निम्मी उरली की संरक्षण निम्म्यापेक्षा कमी उरतं, कारण जिथे वेग सर्वाधिक तिथलाच भाग गेलेला असतो. मुख्य पाती चांगली दिसतात म्हणून इंपेलर पुन्हा बसवताना बाहेरच्या पात्यांची उंची मोजायला विसरू नका.

व्हॉल्यूट गोलसर चांगला की सर्पिल?

सर्पिल आकार एका ठरावीक प्रवाहाला उत्तम असतो. त्या प्रवाहावर भिंतीजवळचा वेग सगळीकडे सारखा राहतो. प्रवाह घटला की कटवॉटरच्या आजूबाजूला स्लरी पुन्हा आत वळते आणि तिथे खड्डा पडतो. प्रवाह वाढला की कटवॉटरच्या दुसऱ्या बाजूला, डिस्चार्जच्या (बाहेर जाणाऱ्या वाटेच्या) गळ्यात झीज सरकते. इंपेलरशी समकेंद्री, गोलसर केसिंग कार्यक्षमतेत थोडं मागे पडतं, पण कमी प्रवाहात ते जास्त सोशिक असतं. दोघांच्या मधला अर्धसर्पिल आकार बऱ्याच स्लरी पंपांत वापरतात. प्रवाह दिवसभर वर-खाली होणार असेल तर कागदावरच्या दोन-तीन टक्के कार्यक्षमतेसाठी पूर्ण सर्पिलाचा हट्ट धरू नये.

कटवॉटर आणि इंपेलर यांच्यातलं अंतर स्वच्छ पाण्याच्या पंपापेक्षा मोठं ठेवतात. अंतर कमी असेल तर दाबाचे धक्के आणि झीज दोन्ही वाढतात.

डिस्चार्ज व्हॉल्व्ह दाबून प्रवाह कमी केला तर?

करू नका. व्हॉल्व्ह झिजतो आणि पंप सर्वोत्तम कार्यबिंदूपेक्षा कमी प्रवाहाकडे ढकलला जातो, म्हणजे वर सांगितलेले सगळे भोवरे आपण स्वतःच तयार करतो. प्रवाह बदलायचा तर व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या विद्युत उपकरणाने) किंवा पुली बदलून वेग बदला.

पण वेग मनाला येईल तितका उतरवता येत नाही. पाइपमध्ये कण तरंगत राहायला किमान वेग लागतो. त्याखाली गेलं तर कण तळाशी बसतात आणि लाइन चोक होते. पंप वाचवायला जाऊन पाइप बुजवायचा, यात शहाणपण नाही.

इंपेलर लेथवर टर्न करून व्यास कमी करावा का?

स्वच्छ पाण्याच्या पंपात हे सर्रास करतात. स्लरी पंपात शक्यतो टाळतात. कटवॉटरपासूनचं अंतर वाढतं, कार्यक्षमता घसरते, बाहेरची लहान पातीही कापली जातात. शिवाय हाय-क्रोम लोखंड साध्या टूलने कापलं जात नाही. म्हणूनच इंपेलरचे आटे त्याच लोखंडात पाडत बसण्यापेक्षा ओततानाच मऊ स्टीलचा इन्सर्ट आत बसवण्याची पद्धत आहे. इथेही बेल्ट-पुली बदलणं सोपं पडतं.

जाता जाता, अडकलेला इंपेलर गॅसने तापवून सोडवायचा मोह आवरा. धातू तडकतो आणि आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

रबर की धातू?

कण बारीक, गोलसर आणि वेग मध्यम असेल तर नैसर्गिक रबर हाय-क्रोमपेक्षा जास्त टिकतं. कण आदळतो, रबर दबतं आणि त्याला परत फेकतं. कण मोठे आणि टोकदार असतील तर तेच रबर कापलं जातं. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठे कण किंवा लोखंडाचे तुकडे येणार असतील तर रबराच्या नादी लागू नये. तेल आणि हायड्रोकार्बन नैसर्गिक रबर फुगवतात, त्यासाठी नायट्राइल किंवा निओप्रीन घेतात. गरम स्लरीतही नैसर्गिक रबर लवकर मऊ पडतं.

रबर लायनर आणि हाय-क्रोम इंपेलर ही मिश्र जोडी खूप ठिकाणी चालते आणि ती तर्कशुद्ध आहे. इंपेलरवर वेग सर्वाधिक आणि आघात जास्त, लायनरवर सरकतं घर्षण जास्त. पॉलियुरेथेन बारीक कणांत उत्तम, मात्र त्याचा दर्जा ओतणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो.

आम्लधर्मी स्लरीत हाय-क्रोम का टिकत नाही?

आम्ल कार्बाइडभोवतीचा धातू खातं. कार्बाइड कितीही कठीण असला तरी आधार गेला की निखळून पडतो. अशा ठिकाणी क्रोमियम जास्त आणि कार्बन कमी असलेले प्रकार वापरतात, म्हणजे विरघळलेलं क्रोमियम धातूतच राहतं आणि गंजाला अडवतं. थोडा कठीणपणा सोडून गंजरोध घ्यावा लागतो. औष्णिक वीज केंद्रांमधल्या गंधक काढणाऱ्या यंत्रणेत चुनखडी-जिप्समची क्लोराइडयुक्त स्लरी असते, तिथे हाच पेच रोज असतो.

वजनाने ३० टक्के घन म्हणजे फार दाट का?

क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट असल्याने वजनाने ३० टक्के म्हणजे आकारमानाने १४ टक्क्यांच्या आसपास. झिजेला आकारमानाची टक्केवारी जास्त लागू पडते. पंप विक्रेत्याशी बोलताना कोणती टक्केवारी म्हणताय ते स्पष्ट सांगा, यात गोंधळ होऊन चुकीचे पंप आलेले आहेत. त्याचबरोबर कणांचा आकार, टोकदारपणा आणि शक्य असल्यास एएसटीएम जी७५ पद्धतीने काढलेला मिलर नंबर द्या. त्यावरून स्लरी किती खरबरीत आहे ते कळतं.

संगणकावर झीज आधीच काढता येते का?

कुठे होईल, हे बऱ्यापैकी. किती तासांत होईल, हे खात्रीने नाही. सीएफडीने (प्रवाहाच्या संगणकीय गणिताने) दोन आकारांची तुलना करणं उपयोगी आहे : हा कोन बदलला तर तो खड्डा कमी होईल का, असे प्रश्न त्याला विचारावेत. तासांचा अंदाज हवा असेल तर आपल्याच पंपातून निघालेले जुने भाग मोजणं अधिक भरवशाचं. काढलेला लायनर भंगारात टाकण्याआधी ठरावीक सात-आठ ठिकाणची जाडी नोंदवा आणि फोटो काढा. झीज सगळीकडे सारखी असेल तर रचना बरी आहे. एका जागी भोक आणि बाकी लायनर जवळपास नवा असेल, तर तेवढ्याच जागी जाडी वाढवलेला लायनर मागता येतो. अनेक उत्पादक असे लायनर देतात.

इंपेलर आणि थ्रोटबुश एकत्र बदलावेत की संपेल तसे?

जुन्या, चर पडलेल्या थ्रोटबुशसमोर नवा इंपेलर बसवला तर फट पहिल्या दिवसापासून वाकडी असते आणि नव्या इंपेलरचं आयुष्य वाया जातं. ही जोडी शक्यतो एकत्र बदलावी. थ्रोटबुशची झीज एकाच बाजूला असेल आणि रचना परवानगी देत असेल तर मधल्या काळात तो फिरवून घ्यावा. व्हॉल्यूट लायनर सहसा या जोडीपेक्षा जास्त टिकतो, त्याचं वेळापत्रक वेगळं ठेवलं तरी चालतं.

ग्लँडचं पाणी आणि आतल्या झिजेचा काही संबंध?

थेट संबंध शाफ्ट स्लीव्हशी, म्हणजे ग्लँडमध्ये शाफ्टवर चढवलेल्या नळीशी. ग्लँडच्या पाण्याचा दाब पंपाच्या डिस्चार्ज दाबापेक्षा थोडा जास्त नसेल तर स्लरी पॅकिंगमध्ये शिरते आणि स्लीव्हवर कड्यांसारख्या खाचा पडतात. मग कितीही नवं पॅकिंग भरा, गळती थांबत नाही. पाणी स्लरीत मिसळलेलं चालत नसेल तर एक्सपेलर सील (फिरत्या पात्यांनी स्लरी मागे ढकलणारं सील) हा पर्याय आहे. मात्र सक्शनचा (आत येणाऱ्या बाजूचा) दाब जास्त असेल तर एक्सपेलर पुरा पडत नाही.

नवीन भाग बसवल्यावर सुरू करण्याआधी काय पाहावं?

आट्यांचा इंपेलर असेल तर सगळ्यात आधी फिरण्याची दिशा. मोटर उलटी फिरली तर इंपेलर शाफ्टवरून सुटतो आणि नवा लायनर पहिल्याच मिनिटात फुटतो. म्हणून बेल्ट किंवा कपलिंग जोडण्याआधी मोटर एकटी फिरवून दिशा पाहायची. मोटरची वायरिंग काढून पुन्हा जोडली असेल तर हे दर वेळी करायचं. त्यानंतर शाफ्ट हाताने पूर्ण फेरी फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा, ग्लँडचं पाणी आधी सोडा, सम्पमधली (पंपाला स्लरी पुरवणाऱ्या टाकीतली) पातळी पुरेशी आहे याची खात्री करा. पातळी कमी असेल तर हवा आत जाते, पंप हिसके देतो आणि नव्या पात्यांवर पहिल्या दिवसापासून अनियमित मारा सुरू होतो.